खानावळीचे कर्ज आणि सरकारची जामीनकी

ज्याच्या हाताला चव आहे आणि ज्याच्या घरी आल्यागेल्याचे पान कधी कोरडे राहिले नाही, अशा गृहस्थाला किंवा गृहिणीला 'तुम्ही एखादी खानावळ का काढत नाही?' हा प्रश्न कोणी ना कोणी विचारलेला असतोच. आणि सुटलेली नोकरी, मुलांची शिक्षणे किंवा बेभरवशाची शेती यांपैकी एखाद्या कारणाने तो प्रश्न मनात मूळ धरू लागला, म्हणजे त्याच्या मागोमाग भांडवलाचा प्रश्न दत्त म्हणून उभा राहतो. मग कोणी सांगतो की हल्ली सरकारच कर्ज देते. कोणी सांगतो की त्यातले निम्मे पुढे माफ होते. कोणी म्हणतो की तारण नाही, जामीनदार नाही, म्हणजे बुडाले तरी आपले काही जात नाही. अशा ऐकीव माहितीवर विसंबून ज्यांनी दुकानाची अनामत भरली, भांडी घेतली, पाटी रंगवली आणि वर्षाच्या आत कुलूप लावले, अशी कुटुंबे महाराष्ट्राच्या कोणत्याही तालुक्याच्या गावी आढळतील. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या स्वयंपाकात काही न्यून नव्हते. न्यून होते ते कर्जाचे स्वरूप समजून घेण्यात. आणि हे स्वरूप कोणी त्यांना धड समजावून सांगितले नव्हते, याची मला खरी खंत वाटते.

पहिली गोष्ट ही की सरकार खानावळीला सहसा कर्ज देत नाही. कर्ज देते ती बँक, आणि ती आपल्या ठेवीदारांच्या पैशातून देते. त्या व्यवहारात सरकार शिरते ते कधी बँकेला जामीन राहून, कधी भांडवलाचा काही अंश अनुदानाच्या रूपाने सोसून, तर कधी कर्जदाराने भरलेले व्याज त्याला परत करून. हे तीन मार्ग परस्परांहून भिन्न आहेत, त्यांची दप्तरे वेगळी आहेत, नियम वेगळे आहेत. आणि 'सरकारी कर्ज' या एका गोळाबेरीज नावाखाली त्यांची सरमिसळ होते, तेथूनच घोटाळ्याला आरंभ होतो.

राज्यसत्तेने रयतेला पैसा पुरवावा ही कल्पना आपल्या मुलखाला नवी नव्हे. १८७५ साली पुणे आणि अहमदनगर या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, आणि त्यानंतरच्या दशकात, १८८३ व १८८४ साली, जमीन सुधारणेसाठी व शेतीच्या गरजांसाठी सरकारी कर्जे देण्याचे कायदे झाले. ही तगाई मामलेदार कचेरीतून मिळे आणि तिची वसुली जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे होई. तेथे सरकार स्वतःच सावकाराच्या जागी बसलेले होते. स्वातंत्र्यानंतर लहान उद्योगांच्या बाबतीत निराळा मार्ग पत्करण्यात आला. जुलै १९६० मध्ये भारत सरकारने लघुउद्योगांना दिलेल्या कर्जांची हमी घेणारी योजना काढली आणि तिचा कारभार रिझर्व्ह बँकेकडे सोपवला. अमेरिकेत १९५३ साली स्थापन झालेल्या लघुव्यवसाय प्रशासनाचे तत्त्वही हेच आहे. तेथे उपाहारगृह काढू पाहणारा माणूस बँकेकडेच जातो, आणि प्रशासनाच्या मुख्य योजनेत दीड लाख डॉलरपर्यंतच्या कर्जाच्या ८५ टक्के व त्याहून मोठ्या कर्जाच्या ७५ टक्के रकमेची हमी सरकार बँकेला देते.

परंतु खानावळ आणि बँक यांची गाठ आपल्याकडे कशी पडली हे पाहायचे असेल, तर मुंबईच्या गिरणगावातच जावे लागते. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार बायकामुले गावी ठेवून परळ-लालबागच्या एखाद्या चाळीत, एका खोलीत अनेकांच्या सोबतीने राही, पाळीप्रमाणे झोपे, आणि जेवणासाठी शेजारपाजारच्या खानावळवालीकडे महिन्याच्या बोलीवर आपली सोय लावी. ही खानावळवाली बहुधा एखाद्या कामगाराचीच बायको असे; दहा-वीस माणसांचे दोन वेळचे जेवण ती आपल्या राहत्या खोलीत रांधीत असे. तिचे पैसे कामगाराचा पगार झाल्यावर येत. तांदूळ, डाळ, रॉकेल, सुकी मासळी मात्र तिला रोज लागत असे. पहिल्या तारखेपासून पगाराच्या तारखेपर्यंतची ही पोकळी भरून काढायला वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज याखेरीज दुसरा उपाय तिच्यापाशी नव्हता, आणि उधारीचा वाणी देईल त्या भावाने व देईल त्या प्रतीचे धान्य घेणे तिला भाग पडे. तिच्या श्रमाचा नफा तिच्या हाती न राहता दुकानदाराच्या वहीत जमा होत होता, तो या मार्गाने.

१९६९ साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७२ साली अत्यंत गरीब कर्जदारांसाठी अवघ्या चार टक्के व्याजाची योजना आली, आणि १९७५ साली प्रेमा पुरव यांनी याच खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. ज्या स्त्रीच्या नावावर खोली नाही, जिच्यापाशी गहाण टाकण्याजोगा दागिना उरलेला नाही आणि जिची मिळकत कोणत्याही सरकारी दप्तरात नोंदलेली नाही, तिला गटाच्या बळावर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळू शकते, हे या चळवळीने प्रत्यक्ष करून दाखवले. माझ्या मते लहान खानावळीच्या अर्थशास्त्रातला सर्वांत मोलाचा धडा याच घटनेत आहे. या बायकांना नवी चूल नको होती, टेबल-खुर्च्या नको होत्या, पाटी नको होती. त्यांना रोखीने धान्य घेता येईल एवढा पैसा हाती हवा होता. व्यापारी भाषेत ज्याला खेळते भांडवल म्हणतात, ते हेच. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, कामगार गावोगाव पांगला, आणि एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर विसंबलेल्या खानावळींचा आधार तुटला. ही गोष्टही एखाद्या कारखान्याच्या अथवा महाविद्यालयाच्या दारात दुकान टाकू पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावी.

आता आजच्या व्यवस्थेकडे वळू. सन २००० मध्ये केंद्र सरकार आणि भारतीय लघुउद्योग विकास बँक, म्हणजे सिडबी, यांनी मिळून सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी एक पतहमी न्यास स्थापन केला; बँकांच्या शाखांत त्याला 'सीजीटीएमएसई' या लांबलचक आद्याक्षरांनीच ओळखतात. या न्यासाच्या हमीची मर्यादा वेळोवेळी वाढत जाऊन १ एप्रिल २०२५ पासून दहा कोटी रुपयांपर्यंत गेली आहे. साधारण कर्जाच्या ७५ टक्के, सूक्ष्म उद्योगाच्या पाच लाखांपर्यंतच्या कर्जाच्या ८५ टक्के आणि स्त्रियांच्या मालकीच्या उद्योगाला दिलेल्या कर्जाच्या ९० टक्के रकमेची हमी न्यास घेतो, आणि तिच्यासाठी दरसाल शुल्क आकारतो, जे बँका बहुधा कर्जदाराकडूनच वसूल करतात. याखेरीज, सूक्ष्म व लघु उद्योगांना दहा लाखांपर्यंतचे कर्ज देताना बँकेने तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच फर्मावलेले आहे.

ही हमी कोणाला दिलेली आहे, हे मात्र प्रत्येक अर्जदाराने नीट समजून घ्यावे. ती बँकेला दिलेली आहे. कर्जदाराचे हप्ते थकले, नव्वद दिवस उलटून खाते अनुत्पादक ठरले आणि बँकेने वसुलीची कायदेशीर कारवाई सुरू केली, म्हणजे बँक न्यासाकडे दावा दाखल करते. न्यास हमीच्या रकमेपैकी ७५ टक्के प्रथम देतो व उरलेले वसुलीची कारवाई संपल्यावर. एवढे झाल्यानंतरही कर्जदाराची जबाबदारी तसूभर कमी होत नाही. दावा मंजूर झाला म्हणून कर्ज फिटले असे होत नाही. बँक वसुली चालूच ठेवते, वसूल झालेल्या पैशातून न्यासाचा हिस्सा न्यासाकडे जातो, आणि कर्जदाराची पत पुढील कित्येक वर्षे डागाळलेली राहते. तारण नाही याचा अर्थ एवढाच की घर किंवा जमीन आरंभी लिहून द्यावी लागत नाही. कर्जातून घेतलेली शेगडी, फ्रीज, भांडी ही तर पहिल्या दिवसापासून बँकेकडे नजरगहाण असतातच.

या पायावर उभ्या असलेल्या योजनांपैकी सर्वांत परिचित ती ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेली प्रधानमंत्री मुद्रा योजना. पन्नास हजारांपर्यंतचे कर्ज 'शिशु', त्यापुढे पाच लाखांपर्यंतचे 'किशोर', दहा लाखांपर्यंतचे 'तरुण', आणि 'तरुण' कर्ज ज्याने नीट फेडले आहे त्याला २०२४ पासून वीस लाखांपर्यंतचे 'तरुण प्लस', अशी तिची चढती श्रेणी आहे. मुद्रा ही संस्था कोणाही व्यक्तीला थेट कर्ज देत नाही. ती बँकांना व वित्तसंस्थांना पुनर्वित्त पुरवते, आणि या कर्जांसाठी हमीचा स्वतंत्र निधी आहे. मुद्रा योजनेत अनुदान नाही. एक रुपयाही माफ होत नाही. तरीही 'मुद्रात सूट मिळते' अशी समजूत इतकी खोल रुजली आहे की शाखाधिकाऱ्याने ती खोडून काढली तर अर्जदाराला तो खोटे बोलतो आहे असे वाटते. वडापावची किंवा भुर्जीपावची गाडी लावणाऱ्यासाठी १ जून २०२० पासूनची स्वनिधी योजना अधिक सोयीची आहे. तिचे पहिले कर्ज दहा हजारांचे होते, ते २०२५ मध्ये पंधरा हजारांचे झाले, आणि वेळेवर फेड करणाऱ्याला पंचवीस व पन्नास हजारांच्या पुढील पायऱ्या व सात टक्के व्याजाची सवलत मिळते.

अनुदान हवे असेल तर २००८ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री रोजगारनिर्मिती कार्यक्रमाकडे, म्हणजे 'पीएमईजीपी'कडे वळावे लागते. याचा कारभार देशपातळीवर खादी व ग्रामोद्योग आयोगाकडे असून जिल्ह्यात जिल्हा उद्योग केंद्र आणि खादी मंडळ ते काम पाहतात. खानावळ सेवाव्यवसायात मोडते, आणि सेवाव्यवसायाच्या प्रकल्पखर्चाची मर्यादा २०२२ मध्ये दहा लाखांवरून वीस लाखांवर नेण्यात आली. सर्वसाधारण प्रवर्गातील अर्जदाराने दहा टक्के रक्कम स्वतःची घालायची, आणि त्याला शहरात १५ व ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान मिळायचे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांनी पाच टक्के घालायचे आणि त्यांना अनुक्रमे २५ व ३५ टक्के मिळायचे, अशी त्याची रचना आहे. सेवाव्यवसायाचा प्रकल्प पाच लाखांहून मोठा असेल तर अर्जदार निदान आठवी उत्तीर्ण असावा लागतो. जागा विकत घेण्याचा खर्च या हिशेबात धरता येत नाही.

या योजनेच्या वर्ज्य व्यवसायांच्या यादीने महाराष्ट्रातल्या खानावळवाल्यांना दीर्घकाळ कोड्यात टाकले होते. मद्य पुरवणारे हॉटेल किंवा ढाबा तिला आरंभापासून मान्य नाही, आणि ते योग्यच म्हणावे लागेल; परंतु मांसाहारी पदार्थ वाढणारी खानावळही २०१८ पर्यंत त्या यादीत अडकत असे. कोल्हापूरच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे किंवा मालवणी मासळीचे दुकान काढू पाहणाऱ्याला शुद्ध शाकाहारी भोजनालयाचा प्रकल्प अहवाल लिहून देण्याचा मोह पडावा, अशीच ती तरतूद होती. २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने योजना पुढे चालू ठेवताना हॉटेल व ढाब्यांत मांसाहारी जेवण वाढण्या-विकण्याला मुभा दिली. तेव्हा अर्जात खरे ते लिहावे; लपवण्याजोगे त्यात आता काही राहिलेले नाही.

अनुदानाची रक्कम अर्जदाराच्या हातात पडत नाही, ही दुसरी महत्त्वाची गोष्ट. ती बँकेत अर्जदाराच्या नावे तीन वर्षे मुदतठेवीत राहते. तिच्यावर व्याज मिळत नाही आणि तितक्या कर्जावर बँक व्याज लावत नाही. तीन वर्षांनी व्यवसाय प्रत्यक्ष चालू असल्याची खातरजमा झाल्यावर ती कर्जात जमा होते. म्हणजे सरकारने ठेवलेली अट स्पष्ट आहे: दुकान तीन वर्षे चालले पाहिजे. ही अट मला अत्यंत न्याय्य वाटते, कारण अनुदानाच्या आशेने उघडलेली आणि अनुदान मिळताच मिटणारी दुकाने हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय आहे. महाराष्ट्र शासनाचा २०१९ पासूनचा मुख्यमंत्री रोजगारनिर्मिती कार्यक्रम याच धर्तीवर चालतो, तर अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळासारख्या महामंडळांच्या योजनांत कर्जदाराने हप्ता वेळेवर भरल्यावर त्यातील व्याजाचा अंश परत मिळतो. तेथेही हप्ता चुकला की परतावा थांबतो.

आता प्रत्यक्ष हिशेब मांडून पाहू, कारण बँकेतला अधिकारी दुसरे काही पाहत नाही. पंचायतीच्या हद्दीत, राज्यरस्त्याला लागून, तीस माणसे बसतील अशी खानावळ काढायची आहे. प्रकल्पखर्च दहा लाख, अर्जदार सर्वसाधारण प्रवर्गातला. त्याने एक लाख घातले, बँकेने नऊ लाख मंजूर केले, त्यांपैकी अडीच लाख अनुदानापोटी बाजूला राहिले. व्याज चढते ते साडेसहा लाखांवर. व्याजाचा दर ११ टक्के आणि मुदत पाच वर्षे धरली तर हप्ता दरमहा सुमारे १४,१०० रुपये होतो. भाडे पंधरा हजार, आचारी व वाढपी मिळून पगार तीस हजार, वीज-पाणी पाच हजार, असा आणखी पन्नास हजारांचा ठरीव खर्च आहे. ताटाची किंमत १२० रुपये, त्यात शिधा, तेल, भाजी आणि गॅस मिळून ७० रुपये जातात असे मानू. म्हणजे ताटामागे पन्नास उरतात. महिन्याचे सव्वीस दिवस दुकान उघडे धरले तर रोज जवळजवळ अकरा ताटे केवळ बँकेच्या हप्त्यासाठी विकावी लागतात, आणि सर्व ठरीव खर्च भागायला रोज पन्नास. पन्नास ताटांपर्यंत मालकाच्या घरी एक पैसाही जात नाही. सत्तर ताटे खपली तर महिन्याला सुमारे सत्तावीस हजार उरतात.

'साहेब, रोज शंभर ताटं सहज जातील,' असे अर्जदार उत्साहाने सांगतो. आणि अनुभवी शाखाधिकारी विचारतो, 'पहिल्या महिन्यात किती जातील?' सारा प्रकल्प अहवाल या एका प्रश्नावर तोलावा, असे मी म्हणेन. पहिले सहा महिने रोज चाळीसच ताटे गेली तर वरच्या हिशेबाप्रमाणे दरमहा बारा हजारांची तूट येते. सहा महिन्यांत ती ७३ हजारांच्या घरात जाते. ही तूट कोठून भरणार? बहुतेक नव्या खानावळी येथेच मोडतात. भिंतीच्या फरशा, रंगीत दिवे, खुर्च्यांच्या गाद्या यांवर सारे भांडवल खर्ची पडलेले असते, आणि तिसऱ्या महिन्यात तेलाचा डबा उधारीवर येऊ लागतो. गिरणगावातल्या त्या स्त्रीला सावकाराच्या दारी नेणारी पोकळी ती हीच.

या पोकळीवर दोन उपाय आहेत, आणि दोन्ही अर्ज करतानाच करायचे असतात. पहिला असा की कर्ज मंजूर होताना हप्त्यांना आरंभीच्या काही महिन्यांची सवलत मागून घ्यावी. सहा महिने फक्त व्याज भरण्याची मुभा मिळाली, तर वरच्या उदाहरणात दरमहा सहा हजारांच्या आत भागते आणि चाळीस ताटांवरही तूट चार हजारांपुरती उरते. दुसरा उपाय प्रकल्पखर्चातच खेळत्या भांडवलाची पुरेशी तजवीज करण्याचा. लहान उद्योगांना अंदाजी वार्षिक विक्रीच्या वीस टक्के रक्कम बँकेने खेळते भांडवल म्हणून द्यावी आणि पाच टक्के उद्योजकाने घालावी, असा दंडक पी. आर. नायक समितीने १९९२ साली घालून दिला, आणि रिझर्व्ह बँकेने तो स्वीकारला. रोखीने चालणाऱ्या खानावळीचा माल चार दिवसांत पैशात रूपांतरित होत असल्यामुळे बँका तिला याहून कमी देऊ पाहतात, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु कारखान्याला किंवा कचेरीला महिन्याच्या बिलावर डबे पुरवणाऱ्याने हा दंडक आग्रहाने पुढे ठेवावा, कारण त्याचे पैसे खरोखरच महिना-दीड महिना अडकून पडतात.

अहवाल लिहिताना आणखी काही बाबी हमखास विसरल्या जातात. उपाहारगृहाला पाच टक्के दराने वस्तू व सेवा कर लागू असेल तर शेगडी, फ्रीज, भांडी यांच्या खरेदीत भरलेल्या कराची वजावट नोव्हेंबर २०१७ पासून मिळत नाही. तेव्हा दरपत्रकातली कराची रक्कम हा खर्चच समजून प्रकल्पात धरावी. वार्षिक उलाढाल वीस लाखांपुढे गेली की या कराची नोंदणी आवश्यक होते, आणि वरच्या उदाहरणात सत्तर ताटांची वर्षाची विक्री सव्वीस लाखांवर जाते. तेथे आपसमेळ (कंपोझिशन) योजना पत्करली तर कर गिऱ्हाइकाकडून मागता येत नाही. १२० रुपयांच्या ताटामागे सहा रुपये आपल्याच पन्नासांतून जातात. घरगुती गॅसचे १४.२ किलोचे सिलिंडर दुकानात चालत नाही, १९ किलोचे व्यावसायिक घ्यावे लागते. अन्नसुरक्षेचा परवाना, गुमास्ता, स्थानिक संस्थेचा आरोग्य परवाना यांची शुल्के किरकोळ असली तरी त्यांत जाणारा वेळ किरकोळ नसतो, आणि त्या काळातही भाडे चालूच असते.

भाडेकराराबद्दल मात्र थांबून लिहिले पाहिजे, कारण तिकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. महाराष्ट्रात भाड्याचा करार लेखी करून तो नोंदवणे १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे, आणि तोंडी बोलीवर बँक कर्ज देत नाही. पण नोंदवलेला करारही प्रथेने अकरा महिन्यांचाच केला जातो, आणि कर्ज असते साठ महिन्यांचे. वर्षभरात दुकानाने नाव कमावले, गिऱ्हाईक बसले, की मालक भाडे वाढवतो किंवा जागा सोडायला सांगतो. भिंतीला लावलेली फरशी, धुराडे, मोरी, विजेची जोडणी ही मागे राहते आणि तिच्यासाठी काढलेले कर्ज मानेवर राहते. कर्जाच्या मुदतीइतक्या काळाचा, भाडेवाढीचे प्रमाण आधीच ठरवलेला आणि मुदतीपूर्वी जागा काढून न घेण्याचे कलम असलेला करार मिळत नसेल, तर ती जागा कितीही मोक्याची असो, तेथे कर्ज काढून खानावळ घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

या सर्व व्यवहारात दलालाला काडीचेही स्थान नाही. मुद्रा योजनेने कोणीही मध्यस्थ नेमलेला नाही. उद्योगाची 'उद्यम' नोंदणी १ जुलै २०२० पासून संगणकावर विनाशुल्क होते. पीएमईजीपीचा अर्जही तसाच भरता येतो. टक्केवारी ठरवून मंजुरी आणून देणारा मनुष्य बहुधा दुसऱ्याच्याच अहवालावर नाव बदलून अर्ज दाखल करतो. त्यात लिहिलेले आकडे अर्जदाराला ठाऊक नसतात, आणि मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला तो गडबडतो.

तेव्हा खानावळ काढू इच्छिणाऱ्या वाचकाला माझी विनंती आहे की त्याने अर्जाच्या आधी महिनाभर, ज्या रस्त्यावर दुकान घालायचे आहे त्या रस्त्यावरच्या एखाद्या चालत्या खानावळीत सकाळ-संध्याकाळ बसून ताटे मोजावीत, आणि आपल्या अहवालातला पहिल्या महिन्याचा आकडा त्याच्या निम्म्याहून अधिक धरू नये. अहवाल स्वतःच्या हाताने लिहावा. जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जावे, उद्योजकता प्रशिक्षणाचा वर्ग हजेरीपुरता न उरकता पूर्ण करावा. बँकेने अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागावे, आणि दहा लाखांच्या आतल्या कर्जासाठी घराचे कागद मागितले तर रिझर्व्ह बँकेच्या आदेशाचा हवाला देऊन ते नम्रपणे नाकारावे; तक्रारीचे निवारण बँकेत झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याचा मार्ग प्रत्येक ग्राहकाला खुला आहे आणि त्याला शुल्क पडत नाही.